जंगलाच्या वेशीवरची मुले आणि दोन दिवसांचे शिबिर

विशेष प्रतिनिधी

ताडोबातील वाघ पाहण्यासाठी देशविदेशांतून पर्यटक येतात. त्याच जंगलाला खेटून असलेल्या गावांतील मुलांना मात्र वाघ ठाऊक असतो तो गोठ्यातून उचलून नेलेल्या जनावरामुळे, नाहीतर शेजारच्या घरात झालेल्या मृत्यूमुळे. या मुलांसाठी भरणाऱ्या निवासी निसर्ग शिबिरांकडे उपकार म्हणून पाहायचे की त्यांच्या हक्काचा भाग म्हणून, या प्रश्नाचे उत्तर आता टाळता येणार नाही.

व्याघ्रसंवर्धनाच्या आघाडीवर महाराष्ट्राने गेल्या दोन दशकांत मिळवलेले यश निर्विवाद आहे. २००६ च्या गणनेत देशात अवघे १४११ वाघ उरल्याचे स्पष्ट झाले, तेव्हा साऱ्या देशाला हादरा बसला होता. २०२२ च्या गणनेत हा आकडा ३६८२ वर गेला. याच काळात महाराष्ट्रातील वाघांची संख्या १०३ वरून ४४४ झाली. त्यांपैकी ९७ वाघ एकट्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात नोंदवले गेले. प्रकल्पाच्या सीमेबाहेर, चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीच्या वनक्षेत्रांत, शेतशिवारांना लागून असलेल्या झुडपी जंगलांत, इतकेच काय पण कोळसा खाणी आणि वीजकेंद्राच्या परिसरातही वाघांचा वावर आहे.

या यशाची दुसरी बाजू मात्र तितकीच ठळक आणि अतिशय वेदनादायी आहे. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि बिबट्यांच्या हल्ल्यांत ५३ जणांना जीव गमवावा लागला. त्यातील ४४ मृत्यू वाघांच्या हल्ल्यांतील होते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही परिसरात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मृतांची यादी कोणत्याही वर्षाची घेतली, तरी तिच्यातील माणसे साधारण एकाच थरातील दिसतात. मोहफुले वेचणारे, सरपण आणणारे, गुरे राखणारे आणि धानाच्या बांधीत राबणारे असे हे लोक. जिप्सीत बसून कॅमेरा रोखणारा माणूस या यादीत नसतो.

अशा प्रत्येक घटनेनंतर गावात काय घडते, हे आता सर्वांना परिचयाचे झाले आहे. संतप्त जमाव, वन कर्मचाऱ्यांना घेराव, वाघाला जेरबंद करण्याची किंवा गोळी घालण्याची मागणी, पंचनामा आणि अर्थसाहाय्याचा पहिला धनादेश. या सगळ्याच्या कडेला गावातील मुले उभी असतात. 'वाघ आपला राष्ट्रीय प्राणी आहे' हा धडा ती शाळेत गिरवतात, पण वाघाविषयीचा त्यांचा खरा पहिला धडा हा असतो. पुढे पंधरा-वीस वर्षांनी हीच मुले ग्रामसभेत बसणार, हीच गुरे राखणार आणि विजेच्या तारेचा सापळा लावायचा की नाही हेही हीच ठरवणार. ताडोबाचे भवितव्य या मुलांच्या मनात वाघाची कोणती प्रतिमा ठसते, यावरही अवलंबून आहे, हे म्हणूनच ध्यानात घ्यायला हवे.

आत पर्यटक, बाहेर गाव

ताडोबा हे आजच्या महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ते घोषित झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्याची त्यास जोड मिळाली आणि पुढे दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती ११०० चौरस किलोमीटरहून अधिक बफर क्षेत्र, असा आज त्याचा विस्तार आहे. २०१० मध्ये अधिसूचित झालेल्या या बफर क्षेत्रात सत्तरहून अधिक गावे येतात. तेथील लोकवस्तीत गोंड, माना आदी आदिवासी समाज आणि अल्पभूधारक शेतकरी मोठ्या प्रमाणावर आहेत.

'ताडोबा' हे नावच मुळी या लोकांनी दिलेले. तारू नावाचा गावप्रमुख तळ्याकाठी वाघाशी झुंजताना मरण पावला आणि त्याचा देव झाला, अशी गोंडांची श्रद्धा आहे. तळ्याच्या काठी त्याचे ठाणे असून पौष महिन्यात तिथे जत्रा भरत असे. वाघाने मारलेल्या माणसाला देवपण देणारी आणि तरीही वाघाचा सूड न मागणारी ही परंपरा कोणत्याही संवर्धनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जुनी आहे. परंतु उद्यानाचे नियम कडक होत गेले, बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गाभ्यातील गावे बाहेर आली आणि तारूच्या वंशजांचा जंगलाशी असलेला राबता आटला. आजोबा ज्या तळ्यावर सहज जात, त्याच तळ्याकडे जायला नातवाला आता जिप्सी, गाईड आणि ऑनलाइन आरक्षण लागते.

हा बदल सर्वस्वी चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. वाघांना निर्भय अधिवास मिळाला तो या कडक नियमांमुळेच. परंतु त्याची किंमत कोणी मोजली आणि लाभ कोणाला मिळाला, याचा हिशेब मांडला तर तो विषम असल्याचे दिसते. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारावर हंगामात पहाटेपासून जिप्सींची रांग लागते. एका फेरीसाठी पर्यटक हजारो रुपये मोजतो. रोजमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च अशक्य कोटीतील आहे. परिणामी, प्रवेशद्वारापासून हाकेच्या अंतरावर वाढलेले मूल शालेय शिक्षण पूर्ण करते आणि तरीही आतले जंगल त्याने एकदाही पाहिलेले नसते.

मुळात ही कल्पना आली कोठून?

वंचित मुलांना निसर्गात मुक्कामाला नेण्याची कल्पना तशी जुनी आहे. ती जन्मली औद्योगिक शहरांच्या धुरात. १८७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरातील धर्मगुरू वॉल्टर बियोन यांनी कामगार वस्तीतील ६८ मुलांना आपेनझेलच्या डोंगरांत सुट्टीसाठी नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रेव्हरंड विलार्ड पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या चाळींतील मुलांना पेनसिल्व्हेनियातील शेर्मन या गावी कुटुंबांकडे राहायला नेले. त्यातून उभा राहिलेला 'फ्रेश एअर फंड' आजतागायत कार्यरत आहे. कोंदट खोल्या, कोळशाचा धूर आणि क्षयरोग यांपासून चार दिवस तरी या मुलांची सुटका व्हावी, हा त्यामागील हेतू होता. शुद्ध हवा, दूध आणि मोकळे मैदान हे जणू औषध होते.

एकविसाव्या शतकात याच विचाराला नवी परिभाषा मिळाली. अमेरिकी लेखक रिचर्ड लूव्ह यांचे 'लास्ट चाइल्ड इन द वुड्स' हे पुस्तक २००५ मध्ये आले आणि पडद्यापुढे बसून वाढणाऱ्या मुलांमधील निसर्गाच्या 'कमतरते'ची चर्चा जगभर सुरू झाली. आपल्याकडील बहुसंख्य निसर्ग शिबिरे याच धारणेवर चालतात. शहरातील मुलांना सह्याद्रीत किंवा पेंच-मेळघाटात न्यायचे, तंबूत ठेवायचे, पक्षी दाखवायचे आणि परत आणायचे, असे त्यांचे स्वरूप असते. त्यात गैर काहीच नाही. पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मुलाला हे गणित लागू पडत नाही. निसर्ग त्याच्या अंगणातच आहे, किंबहुना रात्री-अपरात्री तो अंगणात येतो हीच त्याची अडचण आहे. त्याला उणीव भासते ती त्याच जंगलात निर्धास्तपणे, मानाने आणि जाणत्या नजरेने वावरण्याच्या संधीची.

ही उणीव नेमकी ओळखणारा एक प्रयोग आफ्रिकेत झाला. बोट्सवानातील सफारी उद्योगात नाव असलेल्या एका कंपनीच्या पुढाकाराने २००१ मध्ये तिथे 'चिल्ड्रेन इन द वाइल्डरनेस' हा उपक्रम सुरू झाला. त्यास निमित्त झाली हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांची भेट. गंभीर आजारी मुलांसाठी त्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत शिबिर सुरू केले होते. त्याच धर्तीवर बोट्सवानात अभयारण्यांलगतच्या गावांतील मुलांसाठी शिबिरे भरू लागली. या उपक्रमातील लक्षणीय बाब अशी, की ज्या आलिशान निवासांत परदेशी पाहुणे उतरतात, तीच निवासस्थाने काही दिवस पर्यटकांसाठी बंद ठेवून तिथे ही मुले राहतात. ज्या जंगलात आपले आईवडील फार तर झाडलोट करायला किंवा स्वयंपाकाला जातात, तिथे मूल पाहुणा म्हणून जाते. नंतर शाळांतील निसर्ग मंडळे आणि शिष्यवृत्त्या यांतून त्यांच्याशी संपर्क टिकवला जातो. हा उपक्रम पुढे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील आणखी काही देशांत पसरला.

खुद्द चंद्रपूर जिल्ह्यालाही निवासी शिबिरांची परंपरा नवी नाही. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. महाराष्ट्रभरातील तरुण भर मे महिन्यात तिथे येऊन राहू लागले, घाम गाळू लागले. त्या छावणीने तरुणांच्या कित्येक पिढ्यांना समाजाचे भान दिले. तो प्रवास शहरातून जंगलाकडे होता. आज गरज आहे ती जंगलाच्या कडेच्या मुलाला त्याच्याच जंगलाशी नव्याने जोडणाऱ्या छावणीची.

दोन दिवसांत काय साधते?

ताडोबा व्यवस्थापनाने 'चला माझ्या ताडोबाला' या नावाने बफर क्षेत्रातील गावांच्या शाळकरी मुलांसाठी निसर्ग शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला, हे या दिशेने पडलेले योग्य पाऊल होय. या नावातील 'माझ्या' हा शब्द महत्त्वाचा. राज्यातील अन्य व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरातही वन विभाग आणि स्वयंसेवी संस्थांच्या माध्यमातून अशी शिबिरे होत असतात. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाने आयुष्य बदलते, असा दावा कोणी करू नये. मात्र अशा शिबिरातून तीन गोष्टी निश्चितपणे साधता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे भीतीची जागा माहिती घेऊ शकते. माणसावर होणारे वाघाचे हल्ले बहुतांशी कोणत्या परिस्थितीत होतात, हे वन विभागाला अनुभवाने ठाऊक आहे. वाकून किंवा बसून काम करणारी व्यक्ती वाघाला उभ्या माणसासारखी दिसत नाही. पहाट आणि संध्याकाळच्या वेळा सर्वाधिक धोक्याच्या असतात. एकट्याने जाण्यापेक्षा गटाने, बोलत-आवाज करत जाणे सुरक्षित ठरते. पिल्ले असलेल्या वाघिणीच्या वाटेला जाणे जिवावर बेतू शकते. ही माहिती फलकावर लिहून भागत नाही. जंगलात चालताना, पाऊलखुणा पाहताना, वानराचा आणि चितळाचा इशारा कानांनी ऐकताना ती मनात रुजते. हीच गोष्ट सर्पदंशाची. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मांडला. वाघापेक्षा कित्येक पटींनी अधिक बळी घेणारे हे संकट आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता येणे आणि दंशानंतर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, एवढी शिकवण जरी मुलाने घरी नेली, तरी शिबिराचा खर्च वसूल झाला असे समजावे.

दुसरी बाब नात्याची. बफरमधील मुलाने वनरक्षकाला पाहिलेले असते ते कुऱ्हाड किंवा सायकल जप्त करताना, नाहीतर हल्ल्यानंतर जमावाच्या शिव्या खाताना. शिबिरात तोच वनरक्षक त्याच्याशेजारी जेवायला बसतो, पाणवठ्यावरची गंमत सांगतो, रात्रीच्या गस्तीत आपल्यालाही भीती वाटते हे कबूल करतो. मनुष्य-वन्यजीव संघर्षाच्या बहुतेक प्रसंगांत आग भडकते ती गाव आणि वन विभाग यांच्यातील अविश्वासामुळे. तो अविश्वास कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग दुसरा नसावा.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे मुलांच्या स्वतःच्या ज्ञानाची दखल. कोणत्या झाडाला कधी मोहर येतो, कोणता कंद खाता येतो, कोणता पक्षी ओरडला की जवळपास काय असते, हे या मुलांना घरातूनच ठाऊक असते. झाडीबोलीत आणि गोंडीत त्यांच्याकडे प्रत्येक पाखराचे नाव असते. शाळेत या ज्ञानाला गुण मिळत नाहीत. शिबिरात ते फळ्यावर लिहिले गेले, तर आपले घर अडाणी नाही, हे मुलाला प्रथमच उमगते. शहरी मार्गदर्शकाने येऊन सगळे नव्याने शिकवायचे आणि मुलांनी टाळ्या वाजवायच्या, अशा साच्यातील शिबिर ही संधी वाया घालवते.

उपदेशाचे ओझे

शिबिरांविषयी इतके अनुकूल लिहिल्यानंतर त्यांच्या मर्यादांकडेही पाहायला हवे. पहिला धोका उपदेशाचा. 'आईवडिलांना जंगलात जाऊ देऊ नका', 'लाकूडफाटा आणू नका' अशी शपथ मुलांकडून घेणे आयोजकांना सोपे वाटते. पण चूल पेटवायला दुसरे काही नसेल, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाने घरी जाऊन आईला काय सांगायचे? राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत गॅसजोडण्या देण्यात आल्या. ते पाऊल योग्यच होते. परंतु सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च पेलणे मजूर कुटुंबाला कठीण जाते आणि सरपणाची वाट पुन्हा सुरू होते. हा प्रश्न प्रशासनाचा आहे. त्याचे अपराधीपण मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय, जंगलात जाणारा प्रत्येक गावकरी हा गुन्हेगार नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात त्यावर मर्यादा येतात हे खरे, पण बाहेरच्या जंगलात तो हक्क जिवंत आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि चंद्रपूर जिल्ह्यातीलच पाचगाव यांनी सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर जंगल राखून दाखवले. पाचगावच्या लोकांनी बांबूतून रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून थांबवले. जंगल वाचवणारे गाव कसे असते, हे पाहण्यासाठी चंद्रपूरच्या मुलाला दूर जावे लागत नाही. निसर्ग शिबिराच्या कार्यक्रमात जिप्सी सफारीइतकेच अशा गावाच्या भेटीला स्थान हवे आणि कर्तव्यांबरोबर हक्कांचाही पाठ हवा.

दुसरा धोका वेळापत्रकाचा. निसर्ग शिबिर म्हटले की आयोजकांच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्याची सुट्टी येते. शाळेला सुट्टी असते, पाणवठ्यावर वन्यप्राणी दिसतात, सारे कसे सोयीचे. परंतु मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा आणि मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सर्वांत गरीब घरांतील मुले या दिवसांत आईवडिलांसोबत पहाटे जंगलात असतात, कारण वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा वाटा याच काही आठवड्यांत हाती येतो. म्हणजे ज्या मुलांना या शिबिराची सर्वाधिक गरज आहे, नेमकी तीच उन्हाळी शिबिरातून गळतात. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते, तर त्याच सुमारास घरोघरी धानाची रोवणी चालू असते. धान निघाल्यानंतरचे जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने मुलांच्या दृष्टीने सर्वांत योग्य. पण तेव्हा पर्यटनाचाही हंगाम ऐन भरात असतो आणि जिप्सीतील प्रत्येक जागेला गिऱ्हाईक असते. स्थानिक मुलांना पर्यटकांनी सोडलेले उरलेसुरले दिवस द्यायचे की हंगामातील हक्काची जागा द्यायची, हा खरा धोरणात्मक प्रश्न इथे उभा राहतो.

तिसरा धोका निवडीचा. शाळेतून 'हुशार' मुले पाठवायची, असा शिरस्ता असतो. त्यामुळे गुरे राखायला जाणारा अनियमित विद्यार्थी, शाळा सुटलेली मुलगी, आश्रमशाळेत राहणारे मूल यादीत येतच नाही. मुलींच्या बाबतीत रात्रीच्या मुक्कामाला पालक तयार होत नाहीत आणि त्यांची काळजी रास्त असते. सोबत महिला शिक्षक, महिला वनरक्षक, स्वतंत्र निवास आणि स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची सोय आणि मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी या अटी निवासी शिबिरासाठी सक्तीच्या असायला हव्यात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 'पॉक्सो' कायदा २०१२ पासून अस्तित्वात आहे. निसर्गप्रेमाच्या उत्साहात त्याचा विसर पडणे परवडणारे नाही.

पैसा नाही, प्राधान्य हवे

या सगळ्यासाठी निधी कोठून आणायचा, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. पर्यटनातून मिळणारे प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता या प्रतिष्ठानाकडे राहते आणि संवर्धन व स्थानिकांच्या विकासासाठी ते खर्च करता येते. देशातील सर्वाधिक मागणी असलेल्या व्याघ्र प्रकल्पांत ताडोबाची गणना होते. तेव्हा चणचण पैशांची आहे, असे म्हणता येणार नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. बफरमधील ७० गावांतून दर वर्षी प्रत्येकी ३० मुले निवडली, तर ती होतात २१००. एका जिप्सीत सहा जण बसतात. म्हणजे प्रत्येक गावासाठी पाच जिप्सी आणि सर्व गावांसाठी वर्षाकाठी ३५० फेऱ्या. ताडोबात एका हंगामात होणाऱ्या हजारो फेऱ्यांपुढे ही संख्या फार मोठी नाही. परिसरातील रिसॉर्टचालकांनी वर्षातून चार दिवस जरी आपल्या काही खोल्या या मुलांसाठी राखून ठेवल्या, तर निवासाचाही प्रश्न सुटेल. बोट्सवानातील सफारी व्यावसायिकांना जे जमते, ते मोहर्लीत जमू नये असे काही नाही. वाघांच्या जिवावर चालणाऱ्या व्यवसायाने वाघांचे शेजारपण निभावणाऱ्या गावांसाठी एवढे करावे, ही अपेक्षा फार मोठी खचितच नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. आधीच ताण असलेल्या जंगलात आणखी गाड्या कशाला, हा पहिला. त्याचे उत्तर असे, की फेऱ्यांची मर्यादा न वाढवता आहे त्याच जागांतील वाटा मुलांना द्यावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबांना शिबिराचे काय कौतिक? राज्यात मृत व्यक्तीच्या वारसांना मिळणारी मदत ऑगस्ट २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाख करण्यात आली आणि पुढे ती २५ लाख झाली. आधी ही मदत वेळेत पोहोचवा, कुंपण द्या, मग शिबिरे भरवा, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. शिबिर हा नुकसानभरपाईचा पर्याय कधीही होऊ शकत नाही. मदतीविना भरवलेले शिबिर हे गावाच्या दृष्टीने जखमेवरचे मीठ ठरेल. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते, तर शिबिरातील माहिती मृत्यू टाळण्यासाठी असते. दोन्ही एकाच वेळी करण्याची ऐपत व्यवस्थेकडे आहे.

शिबिरानंतर काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. मुलाने एकदा वाघ पाहिला, छायाचित्र काढले, टोपी घेतली आणि घरी गेला, एवढ्यावर विषय संपत असेल तर तो सोहळा झाला, शिक्षण नव्हे. शाळेत वर्षभर चालणारे निसर्ग मंडळ, मोठे झाल्यावर गावातील प्राथमिक प्रतिसाद दलात सहभाग आणि गाईड, चालक किंवा निसर्ग अभ्यासक म्हणून रोजगार, अशी शिडी त्यापुढे दिसायला हवी. ताडोबाने महिला गाईड घडवून आणि पुढे महिलांना जिप्सी चालवण्याचे प्रशिक्षण देऊन स्थानिकांना संधी दिली, तर त्या तिचे सोने करतात हे दाखवून दिले आहे. शिबिरात आलेल्या मुलीला अशा गाईडताईच्या शेजारी बसून जंगल पाहता आले, तर तिला वेगळ्या प्रेरणादायी भाषणाची गरज भासणार नाही.

व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाच्या वार्षिक आराखड्यात या शिबिरांसाठी स्वतंत्र तरतूद, हंगामातील राखीव फेऱ्या, बफरमधील प्रत्येक गावाची पाळी आणि शिबिरानंतरच्या पाठपुराव्याची जबाबदारी कोणाची, या चार बाबी लेखी स्वरूपात आल्या, तर हा उपक्रम एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बंद पडणार नाही. आपल्याकडील अनेक चांगल्या योजनांचा शेवट अशा बदल्यांत झाला आहे. या वर्षी सातवीत असलेले मूल सहा-सात वर्षांत मतदार होईल आणि ग्रामसभेत हात वर करील. वाघाच्या बाजूने तो हात वर व्हावा असे वाटत असेल, तर त्या मुलासाठी जंगलाचे दार आजच उघडावे लागेल.